‘वार’ शब्दाचा परिवार

इयत्ता नववीच्या मराठीच्या तासाला एकदा मी ‘वारकरी’ या शब्दाची फोड करावयास सांगितली असता एका विद्यार्थ्याने मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, “जो वार करतो तो वारकरी.” वर्गात हशा पिकला. मलाही हसू आवरले नाही. परंतु तास संपल्यावर विचार करू लागलो, तेव्हा त्या मुलाची चूक वाटते तितकी हास्यास्पद नव्हे असे ध्यानात आले. कान एकच नाद ऐकतो, आणि ज्याचा नाद एक त्याचा अर्थही एक असावा असे मनुष्यास स्वभावतःच वाटते. शब्दांच्या बाबतीत हा भरवसा कोठे खरा ठरतो आणि कोठे फसवितो, हे एकाच शब्दाच्या आधाराने पाहण्याचा यंदा आमच्या वर्गाने प्रयत्न केला. त्याचा वृत्तांत विद्यार्थी मित्रांसाठी येथे देत आहे.

आरंभी थोडे दूर जाऊ. चिनी भाषेत बहुतेक शब्दांचे घटक एकेका अवयवाचे असतात, म्हणजे एका श्वासाच्या झटक्यात उच्चारले जाणारे. असे निरनिराळे अवयव त्या भाषेत मोजकेच असल्यामुळे एकाच अवयवावर कितीतरी अर्थांचा भार पडतो. नागरीत ज्यास आपण कसेबसे ‘शी’ असे लिहू, तो एक अवयव घ्या. स्वराच्या चढउताराप्रमाणे आणि लिहिण्याच्या अक्षराप्रमाणे त्याचा अर्थ दहा, दगड, कविता, सिंह, इतिहास, बाजार, जग, गुरू, यांपैकी कोणताही होऊ शकतो. युआनरेन चाओ (१८९२–१९८२) या चिनी भाषापंडिताने तर नव्वदांहून अधिक अक्षरांची एक गोष्ट अशी रचली की तिच्यातील प्रत्येक अक्षराचा उच्चार ‘शी’च आहे. दगडी घरात राहणाऱ्या आणि सिंह खाणाऱ्या एका कवीची ती गोष्ट. डोळ्यांनी वाचणाऱ्यास ती कळते. नुसती ऐकणाऱ्यास तिच्यातून काहीच उमजत नाही. गुरू या अर्थाचा जो ‘शी’, तो शिक्षक, वैद्य, वकील आणि ख्रिस्ती पाळक या सर्वांच्या चिनी नावांत शेवटी येऊन बसतो. पाळकास तेथे ‘कळप राखणारा गुरू’ अशा अर्थाचा शब्द आहे. आणि गंमत अशी की ‘सिंह’ हे अक्षर लिहिताना चिनी लेखक पशूची खूण काढून तिच्या शेजारी ‘गुरू’चेच अक्षर लिहितो. अर्थाचा संबंध काही नाही. केवळ उच्चार कळावा म्हणून गुरुजींना सिंहाच्या जोडीला बसविले आहे. आमच्या वर्गातील काहींना हा संबंध अगदीच निराधार वाटला नाही, हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

चिनी लेखकापाशी निरनिराळी अक्षरे आहेत, म्हणून त्याचा निभाव लागतो. आपल्या मराठीत ‘वार’ हा शब्द लिहिताना अक्षरे दोन, परंतु उच्चारात अवयव एकच. आणि अर्थ कोणताही असो, लिहावयाचे ते तसेच. तेव्हा आपणास अर्थ ओळखावा लागतो तो लिंगावरून, शेजारच्या शब्दावरून आणि मुख्यतः शब्दाच्या कुळावरून.

पहिले कूळ संस्कृताचे. संस्कृतात ‘वार’ म्हणजे पाळी, नेमून दिलेली वेळ, खेप. ‘वारंवार’ म्हणजे पुन्हा पुन्हा, खेपेमागून खेप. ‘त्रिवार’ म्हणजे तीन खेपा. सोमवार, मंगळवार यांतील वारही हाच, आणि तो ‘पाळी’ या अर्थाने कसा आला हे समजून घेण्यासारखे आहे. प्राचीन ज्योतिष्यांनी आकाशातील सात ज्योतींचा क्रम त्यांच्या गतीप्रमाणे लावला: सर्वांत मंद शनि, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि सर्वांत शीघ्र चंद्र. दिवसाचे चोवीस होरे. ‘होरा’ हा शब्दही मूळचा ग्रीक. प्रत्येक होऱ्यावर क्रमाने एकेका ज्योतीची पाळी, आणि दिवसाच्या पहिल्या होऱ्याचा जो धनी त्याचे नाव त्या दिवसाला. आता हिशेब करून पाहा. पहिला होरा शनीचा धरला, तर सातांच्या तीन फेऱ्यांत एकवीस होरे संपतात; बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा रवीकडे गेला. शनिवारानंतर रविवार का, याचे उत्तर हे. याच रीतीने रवीपासून पुढे मोजा म्हणजे सोम येईल, सोमापासून मोजा म्हणजे मंगळ येईल. वर्गातील मुलांनी हा हिशेब फळ्यावर सातही वारांचा करून पाहिला आणि तो एकदाही चुकला नाही. गणित आणि भाषा हे दोन विषय एकाच तासाला शिकविल्याबद्दल आमच्या गणिताच्या शिक्षकांनी माझे अभिनंदन केले. तक्रार केली नाही, हे विशेष.

जाता जाता एवढे सांगतो की आजच्या चिनी भाषेत वारांना ग्रहांची नावे नाहीत. तेथे सोमवार म्हणजे सप्ताहाचा ‘पहिला’ आणि मंगळवार ‘दुसरा’. पोर्तुगीज भाषेतही वार मोजलेलेच आहेत, परंतु तेथे सोमवारास ‘दुसरा’ म्हणतात, कारण मोजणी रविवारपासून. त्या पोर्तुगीजांचे राज्य गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत होते, तरी गोव्याच्या लोकांनी आपले आयतार, सोमार, मंगळार काही सोडले नाहीत. आपल्या वऱ्हाडात म्हातारी माणसे ‘आइतवार’ म्हणतात तोच हा आयतार, मूळ ‘आदित्यवार’. गोव्याकडे ‘वार’मधील ‘व’ झिजून गेला, आपल्याकडे टिकला. तेव्हा आजीने ‘आइतवार’ म्हटले असता नातवंडांनी तिला ‘रविवार म्हण’ असे शिकवू नये. आदित्य आणि रवी दोघेही सूर्यच. आजीची चूक काहीच नाही.

बाजारासाठी गावाने वार नेमून घ्यावा ही आपल्याकडील जुनी चाल, आणि पुण्यासारख्या शहरात तर पेठांनाच वारांची नावे आहेत. १७३० च्या जानेवारीत शनिवारी ज्याचा पाया घातला तो शनिवारवाडा प्रसिद्धच आहे. आणखी एक ‘वार’ आता आचारातून गेला आहे, परंतु जुन्या आत्मचरित्रांत पानोपानी भेटतो. गरीब विद्यार्थी परगावी शिकावयास जाई, तेव्हा सात घरी सात दिवसांचे जेवण ठरवून घेई: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. यास ‘वार लावणे’ म्हणत, आणि असा विद्यार्थी ‘वारांवर जेवतो’ असे म्हणत. एखाद्या घरचा वार चुकला, की त्या दिवशी पाणी पिऊन अभ्यास. ‘वार लावून शिकले’ ही तीन शब्दांची नोंद वाचताना आजच्या विद्यार्थ्याने घाईने पान उलटू नये. तीत पुष्कळ दिवसांची भूक साठविलेली आहे.

आता आमच्या त्या पहिल्या विद्यार्थ्याकडे येऊ. ‘वारी’ हा शब्द याच पाळीच्या वारापासून झाला: नेमाने, ठरल्या वेळी, पुन्हा पुन्हा केलेली यात्रा ती वारी, आणि ती करणारा तो वारकरी. आपल्या जिल्ह्यातील शेगावाहून दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला पालखी पायी जाते. ती वारी होय, कारण ती एकदा होऊन संपत नाही. जो आयुष्यात एकदाच पंढरपूर पाहून आला, त्याने यात्रा केली. वारी केली असे भाषेच्या दृष्टीने म्हणता येणार नाही.

दुसरा ‘वार’ शस्त्राचा. वार करणे, वार झेलणे, वार चुकविणे, पाठीवर वार, जिव्हारी वार. लढाईच्या वर्णनांतून हा सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. फक्त एक सावधगिरी सांगतो. ‘तलवार’ या शब्दात हा वार नाही. तो शब्द संस्कृत ‘तरवारि’ याचे रूप आहे. तलवारीने वार करतात हे खरे, पण त्यामुळे तिच्या नावात वार शिरला असे नव्हे.

तिसरे कूळ ‘वृ’ धातूचे. या धातूचा अर्थ झाकणे, वेढणे, अडविणे. त्यापासून निवारण, अनिवार, दुर्वार, अनिवार्य. ऊन-पाऊस अडवितो तो निवारा. मनुष्यास चोहोकडून वेढून असतो तो परिवार. आमच्या या लेखाच्या मथळ्यातील ‘परिवार’ हा वाराचा नातलग दिसतो खरा, पण तो सोमवाराचाही नव्हे आणि तलवारीच्या घावाचाही नव्हे. तो आवरणाच्या घरचा. ‘वारि’ म्हणजे पाणी, त्यावरून वारिद म्हणजे मेघ आणि वारिज म्हणजे कमळ, हे संस्कृताच्या तासाला येतीलच. एका विद्यार्थिनीने ‘सुवार्ता’ हा शब्द आणला होता. आमच्या शाळेत तो रोज कानी पडतो, त्यामुळे तिला तो सुचणे साहजिक होते. परंतु त्याची फोड ‘सु’ आणि ‘वार्ता’ अशी आहे, आणि वार्ता हा शब्द ‘वृत्’ धातूच्या कुळातला. वृत्त, वर्तमान ही त्याची भावंडे. ‘वारस’ आणला दोघांनी. तो अरबीतून आलेला स्वतंत्र शब्द.

चौथा वार फारसीतून आला, आणि तो स्वतंत्रपणे कधीच उभा राहत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बसूनच येतो. उमेद आहे ज्याला तो उमेदवार. तपशीलवार, नंबरवार, खातेवार ही रूपे मोगलाई आणि मराठेशाहीच्या दप्तरांतून आपल्या भाषेत रुजली. येथे ‘वार’ म्हणजे ‘त्या त्या प्रमाणे, त्याला धरून’. हा फारसी प्रत्यय इतका मराठी झाला की आपण तो बेधडक संस्कृत शब्दांनाही लावतो: क्रमवार, विषयवार. ‘स्वार’ हाही फारसीच, परंतु त्यातील वार पुन्हा निराळा. प्राचीन इराणी भाषेत ‘असबार’ म्हणजे अश्वाने वाहिलेला. त्याचा पुढे ‘सवार’ झाला आणि आपल्याकडे ‘स्वार’. म्हणजे त्यातील ‘वार’ हा आपल्या ‘भार’ शब्दाचा दूरचा भाऊ ठरतो.

या फारसी प्रत्ययाने आपल्या प्रांताच्या इतिहासात जे काम केले ते इतर कोणत्याही वाराने केले नाही. ‘भाषावार प्रांतरचना’ हे शब्द प्रत्येकाने इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असतात. भाषेप्रमाणे प्रांत असावेत, हे तत्त्व काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्यांपुरते १९२० च्या नागपूर अधिवेशनात मान्य केले. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या जोडप्रांतात होता. त्या प्रांतात हिंदी बोलणारे जिल्हेही होते आणि मराठी बोलणारेही. १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १९५५ च्या अहवालात त्याने विदर्भाचे वेगळे राज्य करावे असे सुचविले. ते झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आले. अहवाल, आंदोलने, सभा, सत्याग्रह, शेकडाहून अधिक माणसांचे प्राण, हे सारे ज्या एका प्रश्नाभोवती फिरले तो प्रश्न ‘भाषावार’ या शब्दात मावतो. त्या शब्दाचा पूर्वार्ध संस्कृत आणि उत्तरार्ध फारसी आहे, याची आठवण त्या धुमाळीत कोणास झाली असेल असे वाटत नाही.

पाचवा वार विदर्भाला विशेष जवळचा. चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली या बाजूस आणि मराठवाड्यात नांदेडकडे ‘वार’ने संपणारी आडनावे पुष्कळ आढळतात: वडेट्टीवार, मुनगंटीवार अशी. १९६२ ते १९६३ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले मारोतराव कन्नमवार चंद्रपूरकडचेच. हा वार तेलुगू ‘वारु’ यापासून आला. तेलुगूत ‘वारु’ म्हणजे ते लोक, अमक्या घराण्यातील मंडळी. आणि त्यात आदरही आहे, जसे आपण ‘राव’ लावतो. म्हणजे आपल्याकडे गावाच्या नावापुढे ‘कर’ लागून डोणगावकर होतो, त्याच प्रकारचे काम गोदावरीच्या पलीकडून आलेला हा वार करतो. तेलंगणाची सीमा नकाशावर एका रेषेने दाखवितात. आडनावांत ती रेषा सापडत नाही.

सहावा वार कापडाच्या दुकानातला: तीन फुटांचा. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आल्यावर कापड मीटरवर मोजले जाऊ लागले आणि लाकडी वारकाठी मागे पडली. परंतु ‘नऊवारी’ आणि ‘सहावारी’ हे शब्द कोणत्याही कायद्याला मागे सारता आले नाहीत. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, सुमारे सव्वाआठ मीटर. पण ‘सव्वाआठमीटरी लुगडे’ असे म्हणून पाहा, नेसणारी बाई दुकानातून उठून जाईल!

सातव्या वाराविषयी लिहिताना मला स्वतःची एक चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी मी ‘आमच्या घरचा एक प्रसंग’ हा निबंध दिला होता. एका मुलाने त्यांच्या घरची गाय व्याल्याची हकिकत लिहिली. त्यात एक वाक्य होते: “रात्रभर वाट पाहिली, पण वार पडली नाही.” मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, “वार पुल्लिंगी आहे. वाक्य अर्थहीन.” माझे बालपण वसतिगृहात गेले, शिक्षण शहरात झाले, गोठ्याशी माझा संबंध दुधापुरता. मुलगा काही बोलला नाही. पुढील बाजाराच्या दिवशी त्याचे वडील मला रस्त्यात भेटले. वही त्यांनी पाहिली होती. ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, “गुरुजी, पोराचं चुकलं नाई. वासराच्या मांगून जे पडते, ते वार. ते नाई पडली त गाय जाते.” मी विचारले, “मग गाय?” ते म्हणाले, “गेली.”

मी घरी येऊन कोश उघडला. गर्भाबरोबर असणारे आणि प्रसूतीनंतर बाहेर पडणारे जे वेष्टन, त्यास मराठीत ‘वार’ म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. गुरांच्या बाबतीत त्यालाच ‘जार’ असेही म्हणतात. वासरू झाल्यावर साधारणतः काही तासांत ती आपोआप पडते. बारा तास उलटूनही न पडली तर गुरांच्या डॉक्टरास बोलवावे लागते, आणि ती अडाणीपणाने ओढून काढू पाहिल्यास गायीच्या जिवावर बेतते. म्हणजे त्या निबंधातील ज्या एका वाक्यावर सारी हकिकत टेकलेली होती, गायीचे जगणे-मरणे ज्या वाक्यात होते, नेमके तेच मी अर्थहीन ठरविले होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर माझी रेघ खोडली आणि गुण दुरुस्त केले. त्या मुलाने वही परत घेतली, उघडून पाहिली नाही.

त्या घटनेपासून मी निबंध तपासताना कोश शेजारी ठेवतो. मराठीचे कोशकार या बाबतीत आम्हा शिक्षकांपेक्षा अधिक सावध होते. सैन्यातील अधिकारी मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या व पंडितांच्या साह्याने १८३१ मध्ये जो मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा काढला, त्यात पोथीतील शब्दांबरोबर शेतातले, बाजारातले, कारागिरांचे शब्दही आहेत. त्याच कोशाचा संक्षेप बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये केला. पुढे दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून १९३८ पर्यंत खंडशः प्रसिद्ध झाला. हे ग्रंथ शाळेच्या कपाटात शोभेसाठी नसतात. ‘वार’ काढून पाहा. लिंगाच्या खुणेपासून वाचावयास आरंभ करा. ‘तो वार’ आणि ‘ती वार’ हे दोन शब्द आहेत, आणि ती खूण न पाहता अर्थ सांगू गेलेला मनुष्य माझ्यासारखा फसतो.

आमच्या वर्गाने या शब्दांसाठी एक वही घातली आहे. प्रत्येक पानावर एक वार, त्याचे लिंग, त्याचे कूळ, घरातून किंवा शेजारातून ऐकलेले एक वाक्य, आणि ते वाक्य कोणाच्या तोंडून ऐकले ते. पुस्तकातून उतरलेले वाक्य चालत नाही. आतापर्यंत सर्वांत अधिक वाक्ये आज्यांची भरली आहेत. पुढील वर्षी ‘कर’ हा शब्द घ्यावयाचा आहे: हात तो कर, किरण तो कर, सरकारचा तो कर, ‘काम कर’ यातला कर, आणि आडनावातला कर. आमच्या तालुक्याचे गाव मेहकर. त्या गावच्या माणसाचे आडनाव करावयाचे झाले तर ‘मेहकरकर’ होईल काय, असा प्रश्न एका मुलीने आत्ताच विचारून ठेवला आहे. ज्यांच्या ऐकण्यात असे आडनाव असेल त्यांनी सुटी संपण्यापूर्वी कळवावे.